रतामाच्या झुडपाखाली

वडिलांचे आजारपण आणि कार्यालयातील न संपणारी कामे यांच्या ओढाताणीत मी इतका थकलो होतो की, एका सकाळी ठाणे स्थानकात समोर आलेली लोकल केवळ चढण्याचे त्राण नाही म्हणून सोडून दिली. प्रार्थना तर केव्हाच सुटली होती.

त्या रविवारी मासुंदा तलावाजवळच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून मी बायबलमधील राजांच्या पहिल्या पुस्तकातील १९वा अध्याय उघडला. तेथे एलीया संदेष्टा रतामाच्या, म्हणजे वाळवंटात वाढणाऱ्या एका झुडपाखाली मरण मागतो. देवदूत मात्र ना उपदेश करतो, ना जाब विचारतो. तो त्याला निखाऱ्यांवरची भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, आणि पुढची वाट तुला झेपणारी नाही म्हणून परत जेवू घालतो. (लहानपणापासून ऐकलेल्या या कथेतली ही दया माझ्या कधी ध्यानातच आली नव्हती.) होरेब या देवाच्या डोंगराकडची ४० दिवसांची वाट त्यानंतरची.

संध्याकाळी शेजारच्या मावशींनी फडक्यात गुंडाळलेल्या दोन गरम भाकऱ्या आणि मेथीची भाजी आणून दिली. मी जेवलो आणि सकाळपर्यंत झोपलो. वडिलांचे औषधपाणी अजून चालू आहे; रात्री ९ नंतर कार्यालयाचा फोन मात्र मी उचलत नाही.