तुम्ही विचारलंत म्हणून: बाळाची छाती घरघरतेय, ॲडमिट करावं लागेल का?

पावसाळ्यात, आणि पुन्हा निफाडचा पारा उतरायला लागला की, हा प्रश्न हमखास येतो. पाच-सहा महिन्यांचं बाळ, दोन दिवस नाक गळत होतं, आता खोकला आणि छातीत घरघर. हा ब्राँकिओलायटिस. बहुतेक वेळा आरएसव्ही या विषाणूमुळे फुप्फुसातल्या बारीक नळ्या सुजतात आणि चिकट स्रावाने तुंबतात. बहुतेक बाळं घरीच बरी होतात. कोणाला घरी ठेवायचं नाही, हे मात्र घरघरीवरून ठरवू नका. मोठा आवाज पुष्कळदा नुसता नाकातला असतो. उलट बाळ थकलं, हवा आत-बाहेर कमी जायला लागली, की छाती शांत होते, आणि घरचे म्हणतात, ‘आता बरं वाटतंय.’

म्हणून माझा पहिला प्रश्न दुधाचा असतो. एरवी १२० मिली पिणारं बाळ ६० वर थांबतंय का? अंगावर पिणारं असेल तर दोन-चार घोट घेऊन श्वासासाठी तोंड सोडतंय का? नेहमीच्या निम्म्यावर दूध आलं, किंवा १२ तासांत लंगोट ओला झाला नाही, तर त्याच दिवशी दाखवा.

मग श्वास मोजा. बाळ शांत किंवा झोपलेलं हवं. रडताना मोजलेला आकडा धरू नका. झबलं वर करून पोटाकडे बघत पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणलं की चुकतं, कारण तान्ह्या बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, त्यापुढे वर्षापर्यंत ५० किंवा जास्त म्हणजे श्वास जलद. ७० च्या वर गेला तर थांबायचं नाही. झबलं वर आहेच, तर बरगड्यांखाली खळगा पडतोय का, नाकपुड्या फुलताहेत का, तेही बघा. श्वास सोडताना दर वेळी कण्हल्यासारखा आवाज, ओठ-जीभ निळसर, श्वास मध्येच थांबणं, उठवूनही न उठणं: यातलं एक पुरे, १०८ ला फोन करा. दोन महिन्यांच्या आतल्या आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळात श्वास थांबणं हे कधीकधी पहिलंच लक्षण असतं.

मोठ्यांच्या बोटाचा ऑक्सिमीटर बाळाला लावू नका. दवाखान्यातही पाय गार असेल तर आकडा खोटा खाली येतो. आधी तळवा उबदार करून घ्यावा. सहा आठवड्यांवरच्या बाळात ऑक्सिजनचा हा आकडा ९० टक्क्यांच्या खाली, त्याहून लहानात ९२ च्या खाली टिकून राहिला तर भरती करावं लागतं.

आज आजाराचा कितवा दिवस, हेही सांगा. जोर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी असतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या बऱ्या प्रकृतीवर विसंबू नका. सुरगाणा-पेठसारख्या लांबच्या तालुक्यांतून घाटाने दवाखान्यात यायचं असेल, बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल किंवा हृदयाचा दोष असेल, तर उजेडातच निघा.

अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही, खोकल्याचं औषध तान्ह्याला देऊच नये. वेखंडाची धुरी आणि नाकात तेल, आजींनी कितीही मायेने सुचवलं तरी नको. पाजण्याआधी नाकात सलाईनचे थेंब टाकून नाक मोकळं करा, थोडं थोडं पण वरचेवर पाजा. खोकला तीन आठवडे रेंगाळू शकतो.

आणि बाळ कण्हत असेल तर वाटेत दूध पाजू नका. श्वासाच्या घाईत ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.