आमची वाटचाल : कमरेच्या पट्ट्यापासून वस्तऱ्याच्या पट्ट्यापर्यंत

किंग जिलेट यांना सेफ्टी रेझरचं पेटंट 1904 साली मिळालं. म्हणजे आमचा धंदा आमच्या जन्माआधीच मोडीत निघायला हवा होता. पण उघड्या पात्याच्या वस्तऱ्याने दाढी करणारे हौशी लोक टिकून राहिले, आणि वस्तरा आला की त्याची धार नीट करायचा कातडी पट्टा, म्हणजे स्ट्रॉप, आलाच.

आम्ही मुळात कमरेचे पट्टे करायचो. झाडाच्या सालीच्या अर्कात कमावलेलं जाड कातडं कापायचं, कडा घासायच्या, बक्कल लावायचं. मग विचारणा येऊ लागली : जुन्या स्ट्रॉपची कडी, मूठ शाबूत आहे, कातडं तेवढं बदलून द्याल का? कातडं तेच, पण काम अगदी वेगळं. कमरेचा पट्टा मऊ पडला की गिऱ्हाईक खूश होतं. वस्तऱ्याचा पट्टा मऊ पडला की तो पात्याखाली दबतो आणि धारेला वर वळून गोल करतो.

दुरुस्तीला येणारा माल पाहून आमचं एक मत पक्कं झालं. पट्टे हयगयीने कमी आणि लाडाने जास्त बिघडतात. गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलं नीट्सफूट तेल चांगलंच असतं, पण ते फडक्यावर चार थेंब घेऊन चोळायचं, रात्रभर मुरू द्यायचं आणि सकाळी कोरड्या कापडाने पुसून काढायचं. तेही कातडं खरोखर कोरडं, कडक झालं तरच. लोक बाटली ओततात. म्हणून पट्ट्याबरोबर तेलाची बाटली द्या, असा आग्रह कितीही झाला तरी आम्ही ती देत नाही. विक्री थोडी कमी होते, होऊ दे.

रोजच्या निगेला तळहात पुरतो. वस्तरा फिरवण्याआधी स्वच्छ हाताने पट्टा वरपासून खालपर्यंत दाबून चोळायचा. हाताची ऊब आणि त्वचेचं तेल, एवढ्यावर कातडं जिवंत राहतं. जुने न्हावी दाढीच्या साबणाचा दाट फेस चोळून तो मुरू देत. साबणातल्या चरबीचा तो उपयोग. बुटाचं पॉलिश मात्र बिलकूल नको. त्याने कातड्यावर थर बसतो आणि पातं नुसतं घसरत जातं. पात्याला कातड्याची किंचित ओढ लागली पाहिजे. ती बोटांना आपोआप कळू लागते.

पुढे आम्ही घोड्याच्या पुठ्ठ्याच्या कातड्याचे पट्टेही करू लागलो. त्याचे तंतू इतके घट्ट की पातं पाण्यासारखं सरकतं. सुरुवात करणाऱ्याला मात्र आम्ही गाईच्या कातड्याचाच पट्टा देतो, कारण पहिल्या दिवसांत तो कापला जाणारच. पट्ट्याच्या टोकाला वस्तरा त्याच्या बोथट पाठीवर वळवायचा असतो, हे डोक्याला लगेच कळतं, मनगटाला उशिरा. बारीक चीर गेली तर उचललेला पापुद्रा चिकटवून बारीक सँडपेपरने घासला की काम चालतं. खोल चिरेला इलाज नाही, कातडंच बदलायचं.

पट्ट्याला लावायच्या हिरव्या पेस्टवरून अजूनही वाद होतात. तिच्यातलं क्रोमियम ऑक्साइड पात्याचं लोखंड खरवडतं, तर कोरं कातडं आधीची धार नीट करतं. म्हणून पेस्टचा पट्टा वेगळा ठेवा. एकदा लावलेली पेस्ट कातड्यातून पुरती निघत नाही.

पट्टा टांगून ठेवायचा, गुंडाळून नाही, आणि न्हाणीघराच्या ओलीपासून लांब. बुरशी दिसली तर कोरड्या कापडाने पुसून सावलीत वाऱ्याला ठेवा. उन्हात ठेवलंत तर तो वाकडा होईल. दुरुस्तीचं काम आम्ही आजही घेतो, फक्त तेलात मुरलेले पट्टे पाठवू नका. आत गेलेलं तेल बाहेर काढायची युक्ती आमच्या कारागिरांकडे नाही.