ब्रँडी स्टेशनच्या उतारावर छावणी शोधताना

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. व्हर्जिनियात बरीच वर्षं राहतो आणि हिवाळा आला की सुट्टीच्या दिवशी मेटल डिटेक्टर घेऊन शेतांमधून फिरतो, अमेरिकन सिव्हिल वॉरच्या, म्हणजे 1861 ते 1865 च्या उत्तर विरुद्ध दक्षिण यादवी युद्धाच्या वस्तू शोधत. फोनवर हे सगळं ऐकत आलो होतो, या फेब्रुवारीत त्याच्याकडे गेलो तेव्हा म्हटलं दादा मला एकदा तरी घेऊन चल. तर म्हणाला, "चल की, पण आधी दोन रात्री माझ्यासोबत नकाशे बघत बसायचं, मगच मशीनला हात लावायचा."

मला वाटलेलं की जिथे मोठी लढाई झाली तिथे जायचं आणि खणायचं. हे दोन्ही बाजूंनी चूक निघालं. एक तर मानासस, फ्रेडरिक्सबर्ग, चान्सलर्सव्हिल, वाइल्डरनेस या नावाजलेल्या रणांगणांचे मुख्य भाग केंद्र सरकारच्या नॅशनल पार्क सर्व्हिसकडे आहेत आणि तिथे खणणं तर सोडाच, तुकडे जोडून तयार ठेवलेलं डिटेक्टर नुसतं जवळ बाळगणं पण गुन्हा. 1979 चा कायदा आहे, केंद्र सरकारच्या जमिनीतून 100 वर्षांहून जुनी पुरातत्त्वीय वस्तू विनापरवाना काढली तर पहिल्याच वेळी 10,000 डॉलरपर्यंत दंड आणि एक वर्षापर्यंत कैद, वस्तू जास्त किमतीची असली तर शिक्षा दुप्पट, शिवाय गाडी आणि मशीन जप्त होऊ शकतं. मला हा कायदा मनापासून पटतो. आणि दुसरं म्हणजे लढाई एक-दोन दिवस चालते, सैन्य मात्र महिनोन्महिने एका जागी राहतं. जिथे माणसं राहिली, जेवली, कपडे शिवले, बंदुका साफ केल्या, पत्ते खेळली तिथेच त्यांच्या वस्तू पडल्या. दादाचं सगळं शोधणं या एका गोष्टीवर उभं आहे. तो रणांगण शोधतच नाही, छावणी शोधतो.

म्हणून व्हर्जिनियातलीच कल्पेपर काउंटी, म्हणजे जिल्हा. डिसेंबर 1863 ते मे 1864 युनियनची, म्हणजे उत्तरेच्या बाजूची, आर्मी ऑफ द पोटोमॅक ही फौज, एक लाखाच्या आसपास माणसं, ब्रँडी स्टेशन आणि कल्पेपरच्या परिसरात हिवाळाभर मुक्कामाला होती. मार्चमध्ये उत्तरेचा नवा सरसेनापती जनरल ग्रँट येऊन दाखल झाला आणि 4 मे ला सगळं सैन्य रॅपिडॅन नदी ओलांडून वाइल्डरनेसच्या जंगलात शिरलं. म्हणजे पाच महिने एक अख्खं शहर इथे वसलं आणि उठून गेलं.

पहिल्या रात्री दादाने लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवरचे नकाशे उघडले. दक्षिणेचा सेनापती स्टोनवॉल जॅक्सन, त्याचा नकाशेवाला जेडेडाया हॉचकिस, त्याचे हाताने काढलेले नकाशे, आणि कॉन्फेडरेट, म्हणजे दक्षिणेच्या, इंजिनियर खात्याचे काउंटीवार नकाशे ज्यावर प्रत्येक घराशी मालकाचं आडनाव लिहिलेलं असतं. ही आडनावं फार कामाची, कारण युद्धाच्या सरकारी कागदपत्रांत (128 जाडजूड पुस्तकं आहेत ती) अमुक ब्रिगेड तमक्याच्या घराजवळ उतरली असंच लिहिलेलं सापडतं. मग त्या काळचा फोटोग्राफर टिमथी ओसलिव्हन, त्याने 1864 मध्ये ब्रँडी स्टेशनला काढलेले फोटो. लाकडाच्या खोपट्या, पिंपं एकावर एक ठेवून केलेली धुराडी, आणि मागे लांबवर टेकड्या ज्यांवर जवळजवळ एकही झाड उभं नाही, सगळं चुलीत आणि भिंतीत गेलेलं. मी त्या फोटोंकडे कितीतरी वेळ बघत राहिलो.

दुसऱ्या रात्री लायडार. विमानातून लेझर मारून जमिनीची उंची मोजतात, झाडं काढून टाकलेला उघडा नकाशा मिळतो, अमेरिकेच्या भूगर्भ खात्याचा हा डेटा फुकट आहे. त्यात जंगलाखाली खोपट्यांचे खड्डे ओळीने दिसतात, छोट्या वाटीसारखे, एका रांगेत. एवढं सरळ निसर्ग काही करत नाही. नांगरलेल्या शेतात मात्र हे मोडून जातं, तिथे डोकं वापरावं लागतं. दादा विचारतो, तू सैनिक असतास तर तंबू कुठे लावला असतास? पाणी जवळ पाहिजे, पण ओढ्याच्या काठी चिखल, म्हणून थोडं वर. थंडी आहे म्हणजे उत्तरेचा वारा अडला पाहिजे आणि ऊन मिळालं पाहिजे, म्हणजे दक्षिणेकडचा उतार. रसद रेल्वेने येते, म्हणजे ऑरेंज अँड अलेक्झांड्रिया रेल्वेपासून फार लांब नको. हे सगळं नकाशावर एकावर एक ठेवलं की दोन-चार उतार उरतात.

शनिवारी पहाटे निघालो, रूट 29 धरून. वाटेत मानाससला हेन्री हिलवर थोडं थांबलो, दादाने घरूनच मशीनचे तुकडे सुटे करून पेटीत बांधले होते कारण पार्कमधून असंच न्यायला परवानगी आहे. पुढे वॉरेन्टन, मग रॅपाहॅनॉक नदी, मग ब्रँडी स्टेशन. इथे 9 जून 1863 ला अमेरिकेतली सगळ्यात मोठी घोडदळाची लढाई झाली, साधारण 20,000 माणसं होती. रुळांजवळ ग्राफिटी हाऊस म्हणून घर आहे, त्याच्या वरच्या मजल्यावर दोन्ही सैन्यांतल्या शिपायांनी कोळशाने नावं आणि चित्रं काढलीयेत, 1993 मध्ये भिंतीचा वरचा थर निघाल्यावर ती दिसली. इथल्या रणभूमीचा काही भाग आता स्टेट पार्क आहे, तिथेही डिटेक्टर नाही. आपल्याला फक्त खाजगी जमीन, आणि तीही मालकाच्या होकारानेच.

होकार मिळवणं हा खरा अवघड भाग आहे. दादा फोन करत नाही, दारात जातो, स्वच्छ कपडे घालून, हातात मशीन न घेता, आणि नकाशाची प्रिंट घेऊन. पहिल्या घरी नाही म्हणाले, दादा थँक यू म्हणून परत आला, एक शब्द जास्त नाही. दुसऱ्या घरी एक वयस्क शेतकरी होते. दादाने त्यांना त्यांच्याच शेताचा 1863 चा नकाशा दाखवला तसे ते चष्मा लावून जोत्यावरच बसले, अर्धा तास बोलले. अटी तीन, गुरांच्या कुरणात जायचं नाही, खड्डे बुजवायचे, आणि काय सापडलं ते जाताना दाखवायचं. दादाची स्वतःची चौथी अट, हाडं दिसली तर तिथेच थांबायचं आणि पोलिसांना कळवायचं. तोफगोळा दिसला तरी हात लावायचा नाही, 2008 मध्ये व्हर्जिनियातच एक अनुभवी संग्राहक जुना गोळा साफ करताना स्फोटात गेला, 140 वर्षांनंतरही आतली दारू जिवंत होती.

मक्याची कापणी झालेलं शेत, खुंट उभे, माती लालभडक. या मातीत लोह इतकं आहे की साधं मशीन गोंधळतं, खोलवरचं ऐकूच येत नाही. म्हणून दादा पल्स इंडक्शनचं मशीन वापरतो, ते खोल जातं पण लोखंड वेगळं करून सांगत नाही, मग प्रत्येक खिळा खणायचा. पहिले दोन तास खिळेच निघाले. दादा खूश! म्हणाला, त्या काळचे यंत्रावर कापलेले चौकोनी खिळे आहेत, इथे लाकडी काहीतरी उभं होतं. त्याने खिळ्यांच्या जागी छोटे झेंडे रोवले, झेंड्यांचा एक पट्टा दिसायला लागला आणि आम्ही त्या पट्ट्याच्या कडेने आडव्या रेघा मारत चाललो, कॉइल, म्हणजे मशीनची खालची चकती, जमिनीला जवळजवळ घासत, पावलं अर्धी.

मग एक गोल मऊ आवाज आला. वीतभर खाली पांढरी पडलेली शिशाची गोळी. मिनी बॉल, म्हणजे त्या काळच्या रायफलची टोकदार गोळी, .58 कॅलिबर, बुडाला तीन खाचा, म्हणून इकडे थ्री-रिंगर म्हणतात. उडवलेली नव्हती, चपटी झालेली नव्हती, कुणाच्या तरी हातून नुसती पडलेली. तळहातावर ठेवली तर अपेक्षेपेक्षा जड लागली आणि मला काही बोलताच येईना. अशा न उडवलेल्या गोळ्या म्हणजे छावणीची खूण. संध्याकाळपर्यंत चार निघाल्या, त्यातल्या एकीच्या टोकाला स्क्रूचं भोक होतं, भरलेल्या बंदुकीतून गोळी ओढून काढताना पडलेलं.

प्रत्येक गोळीला दादा वेगळी पिशवी, नंबर, जीपीएसचे आकडे आणि खोली लिहितो. मी घाई केली तर थांबवलं. 1983 मध्ये मोन्टानाच्या लिटल बिगहॉर्नला वणवा लागून गवत जळालं, त्यानंतर पुरातत्त्व खात्याच्या लोकांनी डिटेक्टरवाल्या स्वयंसेवकांना सोबत घेऊन प्रत्येक काडतुसाची जागा नकाशावर मांडली आणि त्यातून लढाई कशी सरकत गेली ते कळलं. जागा हरवली की ती गोळी फक्त शिसं, असं दादा म्हणतो.

सूर्य खाली गेल्यावर शेवटचा सिग्नल. पितळी बटण, करंगळीच्या नखापेक्षा थोडं मोठं, बाहीचं असावं. गरुड स्पष्ट, छातीवर ढाल, मागे स्कोव्हिल आणि वॉटरबरी ही अक्षरं वाचता आली. घासायचं नाही, नुसतं ओल्या मातीसकट डबीत.

ओट्यावरच्या दिव्याखाली सगळं मांडलं. शेतकरी आजोबांनी गोळ्या बाजूला केल्या आणि बटण उचललं. दादा म्हणाला, "ते तुमचंच आहे, ठेवा." त्यांनी कुठे सापडलं विचारलं, मी बोट दाखवलं, ते अंधारात त्या उताराकडे बघत राहिले. मग म्हणाले, "त्या कुंपणापलीकडे माझ्या आजोबांच्या वेळचा झरा आहे, आता झुडपं वाढलीत. कुरण मार्चमध्ये रिकामं करतो मी. तेव्हा या, तिकडून सुरू करा."

दादाने गाडीत बसल्यावर आधी वही उघडली आणि नकाशावर झऱ्याच्या जागी पेन्सिलीने गोल केला.