गुहागर, सात माणसं आणि चाकाच्या पाठीवरचा आकडा

शृंगारतळीच्या पंक्चरवाल्याने चाक पाण्याच्या टाकीत बुडवलं. बुडबुडे आले, पण टायरमधून नाही. अलॉयच्या, म्हणजे हलक्या मिश्रधातूच्या चाकाच्या, आतल्या कडेला नखाएवढी चीर होती, तिथून येत होते.

"भाऊ, टायरला काही नाही झालं. चाकच गेलंय."

दोनच महिन्यांपूर्वी हौसेने घातलेली सतरा इंची अलॉय. कंपनीची पंधरा इंची लोखंडी चाकं घरी माळ्यावर पडलेली. मे महिना, गाडीत आम्ही सातजण, टपावर कॅरियर. पुण्याहून ताम्हिणी उतरून माणगाव, महाड, खेड, दापोली असे आलो आणि दाभोळहून फेरीने धोपाव्याला. तिथपर्यंत काहीच झालं नाही. हेदवीहून परतताना सावलीतला एक खड्डा दिसला नाही, एवढंच. संध्याकाळपर्यंत हवा निम्मी.

स्टेपनी कंपनीची, लोखंडी. ती बसवतानाही पंक्चरवाल्याने आधी नटांची बूड पाहिली. अलॉयबरोबर आलेले नट लोखंडी चाकाच्या भोकात नीट बसतीलच असं नसतं. कुठे बैठक निमुळती, कुठे गोल. चुकीचा नट घट्ट झालेला वाटतो आणि नंतर सैल होतो. माझ्या जुन्या नटांची पिशवी सुदैवाने डिकीत होती. तुम्ही अलॉय घालणार असाल तर ही पिशवी कधीही घरी ठेवू नका.

मग त्याने फुटकं चाक उलटं करून कापडाने पुसलं. मागच्या बाजूला, आऱ्यांच्या पाठीवर, ओतीव अक्षरांत ५६० किलो, म्हणजे ते एक चाक पेलू शकतं तेवढा भार. मी हा आकडा पहिल्यांदाच पाहत होतो. दुकानात फक्त रंग पाहिला होता.

दुकानदाराने हिशेब सांगितला होता, हे खरं. गाडीचं भरलेलं वजन २१५० किलो, भागिले चार, म्हणजे ५३७. "साहेब, ५६० भरपूर झालं." मीही मान डोलावली. चूक त्या 'भागिले चार' मध्येच आहे. वजन चारही चाकांवर सारखं कधी नसतं. सात सीटर भरली की तिसरी रांग, डिकी आणि टपाचा बराच भार मागच्या एक्सलवर जातो. रात्री मॅन्युअलची शेवटची पानं चाळली: मागच्या एक्सलची मर्यादा १२६० किलो. त्याचं निम्मं ६३०. एका चाकाला किमान एवढं पेलता आलं पाहिजे. काही गाड्यांत हा आकडा दाराच्या खांबावरच्या पट्टीवर किंवा चॅसीच्या पाटीवरही असतो.

टायरही कमीच निघाले. त्यांच्यावर भारक्षमतेचा सांकेतिक आकडा ९१ लिहिलेला, म्हणजे एका टायरला ६१५ किलो. ९४ असता तर ६७०, ९५ ला ६९०. शिवाय सतरा इंचाला टायरची भिंत बुटकी होते. खड्ड्याचा दणका रबराने गिळायचा, तो थेट रिमला लागतो. लोखंडी रिम अशा वेळी बहुधा वाकते, अलॉय तडकते.

परतीला चिपळूणजवळ खेर्डीच्या वजनकाट्यावर गाडी नेली. फक्त मागची चाकं प्लॅटफॉर्मवर घेतली. बायको म्हणाली, आता आंबेही मोजणार का? मोजलेच म्हणायचे: सहा पेट्या, दोन फणस आणि सातजण धरून मागे ११९० किलो. चाकामागे ५९५. उरलेल्या तीन अलॉयपैकी एक मागेच होतं, ५६० चं. पेट्या तिथूनच ट्रान्सपोर्टने पाठवल्या, मेहुणा आणि भाचा एसटीने गेले, आणि कुंभार्ली घाट आम्ही पाच माणसांत, दुसऱ्या गिअरमध्ये चढलो. फणस मात्र आईने सोडले नाहीत.

या रस्त्याला येणाऱ्यांसाठी आणखी थोडं. फेरीच्या धक्क्यावर ओहोटीला उतार तीव्र होतो. माणसं उतरवून गाडी एकट्याने चढवा, बंपरही वाचतो. भरल्या गाडीची हवा पट्टीवर वेगळी दिलेली असते, ती टायर गार असताना भरा. गाडी पुळणीवर नेऊ नका. नेलीच तर चाकं आतूनही गोड्या पाण्याने धुवा. नवी चाकं घातल्यावर पहिल्या शंभर किलोमीटरच्या आत नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा, पायाने उडी मारून नाही.

अलॉय घेताना डब्यावरचं वाचू नका, चाक उलटं करा. आकडा पौंडात असेल तर ०.४५३६ ने गुणा. १४०० पौंड म्हणजे ६३५ किलो. जेडब्ल्यूएल ही जपानी मानकाची खूण. शेजारी व्हीआयए ही तिथल्या तपासणी संस्थेची खूण असेल तर बरं, पण नकली चाकांवरही या खुणा ओतलेल्या असतात. वजनाचा आकडाच नसेल तर ते चाक दुकानातच राहू द्या. पीसीडी (नटांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास), ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं) आणि मधलं भोक जुळणं हा निराळा विषय. तो जुळला म्हणजे वजन पेलेल असं नाही.

चिरेला आर्गन वेल्डिंग करून देतो असं पुण्यात दोघांनी सांगितलं. नाही केलं. आता पंधरा इंचीच अलॉय आहेत, पाठीवर ६९० लिहिलेली, टायर ९५ चे. दिसायला आधीच्यांपेक्षा साधी आहेत. भाचा त्यांना 'रिक्षाची चाकं' म्हणतो.