ही बाळगी कोण?

मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या जुन्या घरात रेडिओवर लताबाईंचं 'मधु मागशी माझ्या सख्या परी' लागलेलं, आणि पोळ्या लाटता लाटता आईची गुणगुण चाललेली. 'देवपुजेस्तव ही कोरांटी, बाळगी अंगणी कशी तरी' ही ओळ आली आणि मी विचारलं, "आई, ही बाळगी कोण ग?"

शाळा हिंदी, घर मराठी, त्यामुळे आमचं असं व्हायचंच. मला वाटलेलं, कोरांटी आणि बाळगी या दोघी बहिणी अंगणात खेळतायत. आई इतकी हसली की तव्यावरची पोळी करपली. तेव्हापासून आमच्या दारच्या कोरांटीचं नाव बाळगी.

हे गाणं लिहिणारे कवी भा. रा. तांबे इकडचेच. 1873 साली मुंगावलीला जन्मले, ग्वाल्हेरचे राजकवी झाले, 1941 साली गेले. त्यामुळे गाण्यातलं अंगण मला आमचंच वाटत आलंय.

'सख्या' आणि वसंत प्रभूंची ती गोड चाल, म्हणून पुष्कळांना हे प्रेमगीत वाटतं. खरं तर सगळं गाणं म्हणजे एक नकार आहे. आजवर कमळाच्या द्रोणातून भरभरून मधु पाजणारा म्हणतो, आता घट रिकामे, रागावू नकोस. शेवटची 'लागले नेत्र रे पैलतिरी' ही ओळ तर सगळ्यांनाच पाठ. माझं मन मात्र 'कशी तरी'पाशी अडतं. एवढ्या नटलेल्या गाण्यात हे दोन शब्द स्वयंपाकघरातून उठून आल्यासारखे. आणि पाहा, सुरुवात कमळाने झाली होती, आता हाती उरली कोरांटी. काटेरी झुडूप, पिवळी फुलं, वास नाही. इथल्या 45 अंशांच्या उन्हातही तग धरते, एवढंच तिचं कौतुक.

आई आता 82 वर्षांची आहे. दिवाळीआधी पुण्याहून भाच्याचा फोन आला, "आजी, यंदा अनारसे?" एके काळी डबे भरभरून पाठवायची ती. म्हणाली, "मधुघट रिकामे पडलेत रे बाबा." चार दिवसांनी कुरिअरवाला दारात, हातात अर्धा किलो मधाची बाटली! आईने ती अजून उघडलेली नाही, कपाटात देवाच्या तेलाशेजारी ठेवली आहे. कुणी आलं की दाखवते.

अंगणात उतरायच्या तीन पायऱ्या आता तिला होत नाहीत. फुलं मी तोडते, बोटाला काटा लागला की कुरकुरते. आई ती मोजून घेते, वाटीभर दूध देवापुढे ठेवते, पाच मिनिटांनी तेच दूध माझ्या चहात पडतं. परवा दुपारी झोपली असेल म्हणून मी दार हळूच ओढून बाजारात निघाले, तर आतून आवाज आला,

"बाळगीला पाणी घातलंस का ग?"