क्रिकेटची नजर घेऊन बेसबॉलच्या जुन्या मैदानांवर : होबोकेन ते सिनसिनाटी

मुलांकडे अमेरिकेत आलेली आपली मंडळी बेसबॉल बघायचा म्हणून एखाद्या मोठ्या स्टेडियमवर जातात आणि खेळ नीट कळला नाही म्हणून अर्ध्यातूनच परततात. त्यांना मी वेगळी वाट सुचवेन. आधी हा खेळ पैशासाठी खेळला जाऊ लागला, त्या काळातल्या जागा बघा. तिथे भेटणारी माणसं क्रिकेटमधून आलेली आहेत, त्यामुळे आपल्याला ती लवकर कळतात. एक गोष्ट मात्र आधीच सांगते. या सहलीत त्या काळातलं एकही मैदान उभं दिसणार नाही. तिथे काय घडलं होतं हे वाचून गेलात, तरच जागा बोलतात.

सुरुवात होबोकेनपासून करा. न्यू जर्सीतल्या मराठी घरांना हे गाव नवीन नाही, पाथ ट्रेन बदलायला कितीतरी जण रोज तिथे उतरतात. स्टेशनबाहेर पडून वॉशिंग्टन स्ट्रीटने सरळ उत्तरेला चालत राहा. दोनेक किलोमीटरवर अकरावा रस्ता येतो. चालायचं नसेल तर १२६ नंबरची बस याच रस्त्याने जाते. अकराव्या रस्त्याच्या या चौकात एक छोटं स्मारक आहे. इथे एलिजियन फील्ड्स नावाची नदीकाठची मोठी मोकळी जागा होती. मॅनहॅटनमधली माणसं होडीतून हडसन ओलांडून हवा खायला इथे येत. १९ जून १८४६ रोजी निकरबॉकर क्लब आणि न्यूयॉर्क नाइन यांच्यातला प्रसिद्ध सामना इथेच झाला. निकरबॉकरांनी आदल्या वर्षी बेसबॉलचे नियम लिहून काढले होते, पण त्याच नियमांनी ते २३-१ असे हरले.

स्मारकावर एका गोष्टीला जागा मिळालेली नाही, ती म्हणजे क्रिकेट. सेंट जॉर्ज क्रिकेट क्लब होबोकेनमध्येच खेळायचा. ऑक्टोबर १८५९ मध्ये जॉर्ज पारचा इंग्लंडचा संघ परदेश दौऱ्यावर आला, तेव्हा अमेरिकेच्या बावीस खेळाडूंशी त्याचा सामनाही होबोकेनलाच झाला. सेंट जॉर्ज क्लबचा पगारी क्रिकेटपटू होता सॅम राइट. त्याचा मुलगा हॅरी १८३५ साली इंग्लंडमधल्या शेफिल्डला जन्मला आणि वडिलांच्या हाताखाली क्रिकेट शिकला. तोही क्लबात पगारावर होता. शेजारी बेसबॉल खेळणाऱ्या मंडळींत तो केव्हातरी मिसळला. पुढची सगळी गोष्ट या हॅरीभोवती फिरते.

चौकातून नदीकडे गेलात की एलिजियन पार्क नावाची छोटी बाग लागते. जुन्या मैदानाचा उरलेला तुकडा तेवढाच. बाकीच्या जागेवर आधी कॉफीचा कारखाना होता, आता महागडे फ्लॅट आहेत. अर्धा तास पुरतो. भूक लागली तर पाथने जर्सी सिटीच्या जर्नल स्क्वेअरला या. नेवार्क अव्हेन्यूवरच्या देशी दुकानांत पोटभर शाकाहारी मिळतं.

होबोकेन मागे का पडलं, ते कळायला ब्रुकलिनला जावं लागतं. एलिजियन फील्ड्स चारी बाजूंनी उघडी होती, प्रेक्षकाकडून पैसे घेणार कसे? विल्यम कॅमायर नावाच्या माणसाचा विल्यम्सबर्गमध्ये हिवाळ्यात बर्फावर घसरायचा तलाव होता. १८६२ च्या मे महिन्यात त्याने तिथे कुंपण घातलेलं मैदान सुरू केलं, नाव युनियन ग्राउंड्स, आणि आत यायला दहा सेंट लावले. कुंपणामुळे तिकीट आलं, तिकिटामुळे गल्ला आला आणि गल्ल्यातून खेळाडूचा पगार निघाला. व्यावसायिक बेसबॉलचं मूळ मला त्या लाकडी कुंपणात दिसतं. आज मार्सी अव्हेन्यू आणि रटलेज स्ट्रीटच्या त्या परिसरात बघण्यासारखं काही उरलेलं नाही. वेळ कमी असेल तर हा थांबा वगळा.

ग्रीन-वुड स्मशानभूमी मात्र वगळू नका. आर ट्रेनने पंचविसाव्या स्ट्रीटला उतरलं की थोडं चढून गेल्यावर तिचं उंच दगडी प्रवेशद्वार दिसतं. त्याच्या शिखरांत हिरव्या पोपटांनी घरटी केली आहेत. प्रवेश मोफत आहे. दाराशी नकाशा मिळतो, तो घ्याच, कारण आत टेकड्यांवरून वाटा इतक्या वळतात की नकाशाशिवाय कबर सापडत नाही. पाणी बरोबर ठेवा आणि बूट चालण्याचे घाला.

इथे दोन कबरी शोधायच्या. पहिली जेम्स क्राइटनची. ब्रुकलिनच्या एक्सेल्सिअर क्लबचा हा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, क्रिकेटही उत्तम खेळायचा. त्या काळी चेंडू खालून, हात न उचलता टाकायचा नियम होता. त्यातही त्याने असा वेग आणि फिरकी आणली की फलंदाज गोंधळून जात. पैसे घेणं नियमाबाहेर होतं, तरी क्लब त्याला गुपचूप पैसे देत असे, असं मानलं जातं. म्हणून अनेक जण पहिला व्यावसायिक खेळाडू म्हणून त्याचंच नाव घेतात. ऑक्टोबर १८६२ मध्ये एका सामन्यानंतर पोटातल्या दुखापतीने तो गेला, तेव्हा तो अवघा एकवीस वर्षांचा होता. कबरीवर दगडात कोरलेल्या बॅट आहेत. एवढ्या लहान वयाच्या मुलासाठी लोकांनी एवढं देखणं स्मारक उभारलं, हे पाहून मी तिथे बराच वेळ थांबले.

दुसरी हेन्री चॅडविकची. हाही इंग्लंडचा, एक्सेटरला १८२४ मध्ये जन्मलेला आणि क्रिकेटच्या बातम्या लिहिणारा. १८५६ मध्ये होबोकेनला क्रिकेटचा सामना आटोपून परतताना त्याचं लक्ष बेसबॉलकडे गेलं आणि मग त्याने आयुष्यभर तेच लिहिलं. क्रिकेटच्या धावफलकावरून त्याने बेसबॉलचा बॉक्स स्कोअर घडवला. पिचरने बाद केलेल्या फलंदाजासाठी स्कोअरबुकात आजही जे ‘के’ हे अक्षर लिहितात, तेही त्याचंच. त्याच्या स्मारकावर दगडी चेंडू आहे, ग्लोव्ह आणि मुखवटा आहे आणि कबरीच्या चार कोपऱ्यांवर चार बेस, म्हणजे धावताना गाठायचे टप्पे, आहेत. कुठल्याही खेळावर लिहिणाऱ्याला असा मान मिळालेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

हातात अर्धा दिवस उरला तर ए किंवा सी ट्रेनने नॉस्ट्रँड अव्हेन्यूला उतरून हॅल्सी स्ट्रीटपर्यंत चालत जा. आज तिथे तपकिरी दगडांची सुंदर घरं आहेत, पण १८७० मध्ये कॅपिटोलाइन ग्राउंड्स होतं. तिथे झालेल्या एका गाजलेल्या सामन्याचं वर्णन वाचून जा आणि सावलीच्या पायऱ्यांवर बसून ते पुन्हा वाचा. हॅरी राइटच्या सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्जने १८६९ च्या मोसमात ५७ सामने जिंकले होते आणि एकही गमावला नव्हता. १४ जून १८७० रोजी ते इथे ब्रुकलिनच्या अटलांटिक क्लबशी खेळले. नऊ डावांनंतर ५-५ अशी बरोबरी. अटलांटिक संघ बरोबरीवर खूश होता आणि प्रेक्षक मैदानात उतरले होते. हॅरी मात्र पुढे खेळायचं म्हणून अडून बसला. मैदानावर हजर असलेल्या चॅडविकला विचारलं, तर त्यानेही नियमाप्रमाणे खेळ पुढे चालायला हवा असं सांगितलं. अकराव्या डावात सिनसिनाटीने दोन धावा केल्या, अटलांटिकने तीन. सिनसिनाटी ८-७ ने हरलं. क्लबचा अध्यक्ष अॅरन चॅम्पियन याने त्या रात्री गावाकडे तार केली, तिचा मथितार्थ असा की हरलो, पण नामुष्की नाही. बरोबरी घेऊन घरी जाता आलं असतं, तरी हॅरीने हार ओढवून घेतली. मला तो सगळ्यात मोठा वाटतो तो याच क्षणी.

पुढचा टप्पा फिलाडेल्फिया. खर्च वाचवायचा असेल तर एनजे ट्रान्झिटने ट्रेंटनपर्यंत जाऊन पुढे सेप्टाची लोकल पकडा. सिटी हॉलच्या दक्षिण बाजूला ऑक्टेव्हियस कॅटोचा पुतळा आहे, २०१७ मध्ये बसवलेला. कॅटो शिक्षक होता, काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणारा होता आणि पिथियन या काळ्या खेळाडूंच्या क्लबचा कर्णधार होता. १८६७ मध्ये बेसबॉलच्या राष्ट्रीय संघटनेने काळे खेळाडू असलेल्या क्लबांना दार बंद केलं. तरी पिथियन खेळत राहिले आणि १८६९ मध्ये ऑलिंपिक या गोऱ्यांच्या क्लबविरुद्ध सामनाही खेळले. १० ऑक्टोबर १८७१ रोजी, मतदानाच्या दिवशी, कॅटोचा गोळी घालून खून झाला. हॅरीच्या संघाला राष्ट्राध्यक्ष ग्रँटने व्हाइट हाउसमध्ये बोलावलं तेही साल १८६९ होतं. या खेळाचा सुवर्णकाळ सांगताना हे दार कोणासाठी बंद होतं, हे सांगायलाच हवं. म्हणून फिलाडेल्फिया या वाटेतून गाळू नका.

शहराबाहेर बाला किनविडला वेस्ट लॉरेल हिल स्मशानभूमीत हॅरीची कबर आहे, वर त्याचा पुतळा. गंमत बघा, बेसबॉलचा जनक ही पदवी चॅडविकच्या दगडावरही कोरलेली आहे आणि याच्याही.

सिनसिनाटीला विमानाने लवकर पोहोचता येतं, पण माझं मत आगगाडीला. न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया आणि वॉशिंग्टनवरून जाणारी कार्डिनल ही अॅमट्रॅकची गाडी आठवड्यातून तीनच दिवस धावते. वेस्ट व्हर्जिनियातल्या न्यू रिव्हरच्या दरीतून जाताना खिडकी सोडवत नाही. ती सिनसिनाटीला मध्यरात्र उलटल्यावर पोहोचते, तेव्हा हॉटेल आणि टॅक्सी आधीच ठरवून ठेवा. ही गाडी तुम्हाला उतरवते ती युनियन टर्मिनलला, म्हणजे जिथे हॅरीचं मैदान होतं त्याच परिसरात. मैदान युनियन क्रिकेट क्लबच्या वाट्याचंही होतं. १८६५ मध्ये हॅरीला सिनसिनाटीला बोलावलं गेलं तेच मुळी क्रिकेटसाठी.

सकाळी परत येऊन टर्मिनलची अर्धगोल इमारत आतून बघा. भिंतींवरची मोझेकची चित्रं थक्क करणारी आहेत. मग नदीकाठच्या स्टेडियमला लागून असलेल्या रेड्स संघाच्या संग्रहालयात १८६९ चा विभाग निवांत पाहा. हा पहिला उघडपणे पगारी संघ. दहा खेळाडूंचा मिळून मोसमाचा पगार सुमारे ९,३०० डॉलर, त्यातले १,४०० हॅरीचा धाकटा भाऊ जॉर्ज याचे आणि १,२०० हॅरीचे. त्यांचे मूळ धंदे बघा : टोप्या बनवणारे, विम्याचं काम करणारे, एक हिशेबनीस, एक पियानो घडवणारा, एक संगमरवर कापणारा. पिचर एसा ब्रेनर्ड पूर्वी क्राइटनच्याच संघात होता. गावचा असा खेळाडू एकच, चार्ली गूल्ड. कॅलिफोर्नियापर्यंतचा लोहमार्ग मे १८६९ मध्ये पुरा झाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात हा संघ त्यावरून पश्चिम किनाऱ्यावर खेळायला गेला. पगार परवडेनात म्हणून १८७० च्या अखेरीस क्लबने व्यावसायिक संघ मोडला. हॅरी काही खेळाडू आणि रेड स्टॉकिंग्ज हे नाव घेऊन बॉस्टनला गेला.

शहरात फिरायला ट्राम मोफत आहे. फिंडली मार्केट सोमवारी बंद असतं. इथली प्रसिद्ध स्पॅगेटीवरची चिली मांसाची असते, शाकाहारी लोकांनी ती मागताना मांसाऐवजी बीन्सची मागावी.

बेसबॉलचं प्रसिद्ध संग्रहालय जिथे आहे त्या कूपर्सटाउनचं काय, असं विचारलं जाईल. संग्रहालय म्हणून जरूर जा, पण अॅबनर डबलडेने १८३९ मध्ये तिथे खेळ शोधला ही कथा इतिहासकार मानत नाहीत. तिथे रेल्वे जात नाही, गाडी हवी.

न्यूयॉर्कला परतल्यावर उन्हाळ्यातला एक शनिवार-रविवार लाँग आयलंडच्या ओल्ड बेथपेज व्हिलेजसाठी ठेवा. तिथे १८६४ च्या नियमांनी सामने होतात : ग्लोव्ह नाहीत, चेंडू खालून टाकायचा आणि एक टप्पा पडल्यावर झेलला तरी फलंदाज बाद. आपल्या गल्लीतल्या वन टप्पा आउटसारखंच, त्यामुळे बरोबर मुलं असतील तर त्यांना काहीच समजावून सांगावं लागत नाही. वेळापत्रक आधी बघून घ्या, पाऊस असेल तर सामना रद्द होतो. सार्वजनिक वाहनाने जाणं अवघड आहे, गाडी असलेल्या मित्राला बरोबर घ्या आणि टोपी विसरू नका, बसायला सावली थोडीच आहे.