पांढरी तीनची बासरी: ठाणे, वाशी, खारघर एका दिवसात

बासरीवर कोरलेल्या पट्टीवर, म्हणजे तिचा सा कोणत्या सुराचा हे सांगणाऱ्या खुणेवर, विसंबून पैसे मोजू नका. या फेरीत ‘ई’ लिहिलेल्या सहा बासऱ्या तपासल्या, त्यांतल्या खऱ्या पांढरी तीनच्या (सा हार्मोनियमच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीवर, म्हणजे ‘ई’वर) दोनच निघाल्या. एक तर साडेसहा हजारांना गळ्यात मारली जात होती.

सोबत तेरा वर्षांची विद्यार्थिनी, चार वर्षं पांढरी पाचवर, म्हणजे आखूड बासरीवर, रियाज झालेली. मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला प) दहा सेकंद न हलता धरते. एवढं जमत नसेल तर लांब बासरीच्या शोधात निघूच नका. पन्नालाल घोषांनी (१९११–१९६०) लांब बासरी रागसंगीतात आणली ती मंद्राच्या गांभीर्यासाठी, आणि तेच वाजत नसेल तर नुसता बांबू वाढतो. बरोबर जुनी बासरी, मोबाइलवर ट्यूनर (सूर मोजणारं ॲप) आणि तानपुरा, छोटी टॉर्च आणि शिलाईची टेप घ्या.

ठाण्यातल्या नौपाड्यात सकाळचा दीड तास फुकट गेला. मध्यम लांबीच्या बासऱ्या ढीगभर, लांब एकच, तीही जाड बांबूची. जाड बांबूत मंद्राला फुंक जास्त लागते आणि आवाज दबलेला येतो. तिथून ट्रान्स-हार्बर लोकलने वाशी.

वाशीत दुकानातला एसी २४ वर. बासरी दिसायला देखणी: तीन जागी लाल रेशमी दोरा, मखमली पेटी. सा धरला तर ट्यूनरवर ‘ई’च्या ४५ सेंट खाली (पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमध्ये १०० सेंट). “अहो, एसीत उतरतेच ती,” असं उत्तर मिळालं. ते अर्धंच खरं आहे. आतली हवा एका अंशाने तापली की बासरीचा स्वर साधारण ३ सेंट चढतो. म्हणून तीच बासरी दाराबाहेर सावलीत दहा मिनिटं वाजवून घेतली. बाहेर ३१ अंश होते. १७ सेंटची भरपाई झाली, २८ सेंट उतरलेली ती उतरलेलीच. घरी एकट्याने वाजवायचं तर तानपुरा खाली लावून भागतं, पण क्लासमधली पेटी (हार्मोनियम) ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुरावर लावलेली असते आणि ती बासरीसाठी खाली येत नाही.

त्याहून वाईट होता गंधार (ग). तिच्याच सा वर ट्यूनर लावून पाहिलं तर काटा मध्याच्या १२ सेंट वर. इथे बरेच पालक फसतात, म्हणून नीट सांगायला हवं: शुद्ध गंधार काट्याच्या मध्यापासून सुमारे १४ सेंट खाली असायला हवा, निषाद १२ खाली, पंचम २ वर. ट्यूनर पेटीच्या समान अंतराच्या स्वरांवर चालतो, तानपुरा नाही. म्हणजे काटा अगदी मध्यावर दाखवणारा गंधारही तानपुऱ्यावर चढाच लागतो. या बासरीचा जवळजवळ २६ सेंट चढा होता. भोक मोठं केलं की स्वर चढतो, उतरवायचा तर भोकात मेण भरावं लागतं. नव्या बासरीला पहिल्याच दिवशी मेण भरायचं असेल तर ती घ्यायचीच कशाला?

मग टॉर्च. अंधाऱ्या कोपऱ्यात सगळी भोकं बोटांनी झाकून खालच्या टोकातून उजेड सोडला. मधल्या दोऱ्याच्या पट्टीच्या दोन्ही बाजूंनी केसाएवढी उजेडाची रेघ दिसली, म्हणजे चीर. बांबू उभा चिरतो, त्याला आवळून धरायला टोकांशी दोरा हवाच. पण दोन भोकांच्या मध्ये दोरा दिसला की विचारा, तो तिथे का आहे. मखमली पेटीचे नऊशे आणि ‘प्रोफेशनल ट्यूनिंग’चे पंधराशे त्या साडेसहा हजारांत धरलेले होते. अशा ठिकाणी घासाघीस करू नका, उठून या. तिथली दुसरी बासरीही उतरलेलीच होती.

खारघरला एका कारागिराकडे तीन लांब बासऱ्या होत्या, दोन बरोबर लागल्या. तिथे फार सांगण्यासारखं काही घडलं नाही. दोघींतली एक निवडली ती हातावरून. पांढरी तीनची बासरी ७५ सेंटिमीटरच्या आसपास असते आणि मुलांची अडचण हमखास उजव्या अनामिकेची. चौथ्या भोकाच्या मध्यापासून सहाव्याच्या मध्यापर्यंत टेप लावली: एकीत ७.४ सेंटिमीटर, दुसरीत ६.९. भोक थोडं वर आणि लहान ठेवूनही तोच स्वर मिळतो, म्हणून हा फरक पडतो. पहिलीवर मंद्र पंचमाला हवा निसटत होती, दुसरीवर लगेच घट्ट लागला. बोटांची टोकं नव्हे, मधली पेरं टेकवून पाहा. तरीही पोचत नसेल तर हट्ट नको, पांढरी चार किंवा काळी तीन (दोन्ही थोड्या आखूड) घ्या, वर्षभराने पुन्हा बघा.

गळतीसाठी आणखी एक करा: सहाही भोकं बंद, खालच्या टोकावर दुसऱ्याचा तळहात आणि फुंकीच्या भोकातून हलकेच हवा ओढायची. ओठाला ती चिकटून राहिली पाहिजे. शिवाय मध्य आणि तार सा एकापाठोपाठ वाजवा. ते जुळत नसतील तर आतलं बूच सरकलेलं असू शकतं, कारागिराला तिथेच दाखवा. बासरी ३,२०० ला मिळाली, कापडी पिशवीसकट.

ही फेरी उलट्या क्रमाने करायला हवी होती. चौथ्या बासरीनंतर ओठ बधिर होतात आणि चांगली बासरीही पोकळ वाटायला लागते. सकाळी ताज्या फुंकीने थेट खारघर गाठा. दर बासरीनंतर जुनी दोन मिनिटं वाजवा, कान जागेवर येतो.

संध्याकाळच्या पनवेल–ठाणे लोकलमध्ये कापडी पिशवीचा काही उपयोग नाही. हार्डवेअरच्या दुकानातून दोन इंची पीव्हीसी पाइप ८५ सेंटिमीटर कापून घ्या, दोन्ही टोकांना टोपणं आणि आत फोमचे तुकडे. घरी आल्यावर पहिले पंधरा दिवस रोज वीस मिनिटांपेक्षा जास्त वाजवू नका, वाजवून झाल्यावर आतून सुक्या कापडाने पुसा आणि एसीच्या झोतापासून लांब ठेवा. बांबू आतून ओला आणि बाहेरून कोरडा झाला की चिरतो.